मुलींच्या हाणामारीचा व्हिडिओ व्हायरल होतो, पण त्याआधी काय घडलेलं असतं?

व्हिडिओ फार तर चाळीस सेकंदांचा असतो. एखादं एसटी स्टँड किंवा शाळेमागची बोळ. गणवेशातल्या दोन मुली एकमेकींच्या वेण्या धरून ओढतायत, तिसरी दप्तराने मारतेय. आजूबाजूला पंधरा-वीस जण उभे आहेत, पण सोडवायला कुणी पुढे येत नाही. सगळे मोबाईल धरून शूटिंग करतायत. संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावच्या ग्रुपवरून तालुक्याच्या आणि तिथून जिल्ह्याच्या ग्रुपवर पोहोचते. खाली हसण्याचे इमोजी, 'पापा की परी', 'हेच का संस्कार' अशा कमेंट येतात. मग कुणीतरी मुलींची वस्ती ओळखतं, मग आडनाव, मग जात किंवा धर्म. आणि शेवटी निकाल लागतो: 'यांच्यात असंच असतं.'

खरंच असंच असतं का? मुली हिंसक का होतात? आणि समाजाच्या कडेला ढकलल्या गेलेल्या घरांतल्या मुलींच्या वाट्याला यातली जोखीम जास्त का येते? वरणगावसारख्या एका छोट्या शहराच्या नजरेतून हा प्रश्न समजून घेऊ.

आधी आकडे: मुली खरंच जास्त हिंसक झाल्यात का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी अल्पवयीनांच्या गुन्ह्यांची आकडेवारी देतो. २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणं नोंदवली गेली. आदल्या वर्षी ती ३१,१७० होती, म्हणजे थोडी घटच झाली. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. ताब्यात घेतलेल्या ३७,७८० अल्पवयीनांपैकी सुमारे ७९ टक्के १६ ते १८ या वयोगटातले होते.

यात मुलींचा वाटा अगदी थोडा असतो. अल्पवयीनांच्या गुन्ह्यांचा प्रश्न मुख्यतः मुलग्यांचाच आहे. आणखी एक गोष्ट या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसते: ताब्यात घेतलेली बहुसंख्य मुलं अनाथ किंवा बेघर नसतात, ती आपल्या आई-वडिलांसोबतच राहत असतात.

मग मुलींच्या भांडणाचे व्हिडिओ एवढे का दिसतात? कारण मुलग्यांची मारामारी ही कुणाला बातमी वाटत नाही. मुलीने हात उचलला की ती बातमी होते.

अमेरिकेत असाच प्रश्न पडला होता. तिथे मुलींच्या अटकेचे आकडे वाढल्यावर न्याय खात्याने संशोधकांचा 'गर्ल्स स्टडी ग्रुप' नेमला. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की मुलींच्या वागण्यात आकड्यांत दिसतो तेवढा फरक पडलेला नाही. घरातल्या भांडणांतही अटक करण्याची धोरणं आल्यामुळे, पूर्वी समज देऊन सोडल्या जाणाऱ्या मुली आता पोलिसांच्या नोंदीत येऊ लागल्या होत्या. बदल मुलींपेक्षा त्यांच्याकडे बघणाऱ्या यंत्रणेत जास्त झाला होता. आपल्याकडे ते काम आता मोबाईलचा कॅमेरा करतोय.

याचा अर्थ प्रश्नच नाही असा नाही. मार खाणाऱ्या मुलीला लागतंच. पण प्रश्नाचा आकार नीट कळला तरच त्यावर उपाय सापडतो.

हिंसा म्हणजे फक्त झिंज्या ओढणं का?

नाही. मुलींमधल्या हिंसेची तीन रूपं अभ्यासक सांगतात.

पहिलं रूप उघड आहे, ते म्हणजे मारहाण. दुसरं नात्यांतून होतं. एखादीला गटातून तोडणं, तिच्याबद्दल अफवा पसरवणं, तिच्या कपड्यांवरून, भाषेवरून, जातीवरून टोचत राहणं. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या संशोधकांनी १९९५ मध्ये या प्रकारावर लक्ष वेधलं. यात रक्त येत नाही, त्यामुळे शिक्षकांना ते दिसतही नाही.

तिसरं रूप सगळ्यात घातक असतं: स्वतःवरच उलटलेली हिंसा. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या. मुलग्याला राग आला तर तो बाहेर काढण्याची त्याला मुभा असते. मुलीला लहानपणापासून 'गप्प बस' शिकवलं जातं. लिसा ब्रॉइडी आणि रॉबर्ट अ‍ॅग्न्यू यांनी १९९७ मध्ये मांडलं होतं की मुलींच्या रागासोबत अपराधीपणा आणि नैराश्य येतं, म्हणून तो बहुतेक वेळा आत वळतो.

जळगाव जिल्ह्याला याची एक जखम माहीत आहे. डॉ. पायल तडवी या जळगावच्या. तडवी भिल्ल या आदिवासी मुस्लिम समाजातून आलेल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी वयाच्या २६व्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पायल किशोरवयीन नव्हत्या. पण शिक्षणाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या तरुणीच्या बाबतीत असा आरोप होत असेल, तर आठवीतल्या मुलीकडे त्याला तोंड द्यायला काय असतं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

वरणगावच्या रस्त्यावर

वरणगाव हे भुसावळ तालुक्यातलं शहर, भुसावळ ते मुक्ताईनगर या महामार्गावरचं. ओळख आयुध निर्माणीची. १९६४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या बनतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'मध्ये आला. एका बाजूला कारखान्याची आखीव वसाहत, कायम पगाराची घरं. दुसऱ्या बाजूला मजुरीवर चालणाऱ्या वस्त्या आणि आजूबाजूची शेतीवरची गावं. बाजार, बँक, दवाखाना, शाळा यासाठी आसपासच्या गावांची माणसं वरणगावातच येतात.

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट खान्देशातल्या शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना ओळखीची वाटेल. मुलीला सीमा म्हणू. ती भिल्ल, तडवी, पारधी, बंजारा, मातंग किंवा मुस्लिम अशा कुठल्याही घरातली असू शकते.

सीमा चौदा वर्षांची आहे. गावातली शाळा संपली म्हणून ती वरणगावला येते. घरी तावडी बोली बोलतात, किंवा दुसरी एखादी. वर्गात ती बोलली की मुली हसतात. दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, तेव्हा महिनाभर शाळा बुडते. परत आल्यावर गणित पुढे गेलेलं असतं. वडील प्यायले की आईला मारतात. मध्ये पडली म्हणून तीही मार खाते. स्टँडवर दोन मुलं रोज काहीतरी बोलतात. घरी सांगितलं तर शाळाच बंद होईल, हे तिला माहीत आहे. दरम्यान घरात स्थळाची बोलणी सुरू झाली आहेत.

एक दिवस वर्गातली मुलगी तिला स्टँडवरच्या त्या मुलाचं नाव घेऊन चिडवते. सीमा तिच्या थोबाडीत मारते. पुढचे चाळीस सेकंद मोबाईलमध्ये आहेत.

जोखीम नेमकी कशाकशात असते?

सीमाच्या गोष्टीत पाच धागे आहेत. अभ्यासक त्यांना जोखीम घटक म्हणतात. एकेक पाहू.

एक, घरातली मारहाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या साधारण दर चार विवाहित स्त्रियांपैकी एकीने पतीकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. ती हिंसा मुलं बघत असतात. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये हजारो प्रौढांचा अभ्यास मांडला. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली व्यसनं, आईवर होणारी हिंसा असे अनुभव जितके जास्त, तितकी पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. एका अनुभवापेक्षा अनुभवांचा ढीग घातक ठरतो. घरात सतत धोका असला की मेंदू कायम सावध राहतो. साधा टोमणाही मग हल्ल्यासारखा वाटतो.

दोन, शाळेशी तुटलेलं नातं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच्या शिक्षणाची हमी देतो. मुलीची खरी कसोटी त्याच्यानंतर सुरू होते. माध्यमिक शाळा लांब, एसटीची वेळ अडचणीची, उर्दू माध्यमातली मुलगी असेल तर जवळ पुढचे वर्ग असतीलच असं नाही. महाराष्ट्रातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या महमूदूर रहमान समितीनेही २०१३ च्या अहवालात प्राथमिकनंतरच्या गळतीकडे बोट दाखवलं होतं. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांत तर वर्षातले काही महिने शाळाच नसते. सतत मागे पडणाऱ्या मुलीला वर्गात मान मिळवण्याचे मार्ग कमी उरतात. 'हिच्या नादी लागू नका' ही ओळख त्यातल्या त्यात सोपी असते.

तीन, लवकर लग्न. याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. शेजारच्या धुळे जिल्ह्यात ते सुमारे ४० टक्के, राज्यातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. ठरलेल्या लग्नाची टांगती तलवार असलेल्या मुलीला शाळेतल्या शिक्षेची भीती काय वाटणार? पुढच्या वर्षी शाळेत असणार की नाही, हेच तिला माहीत नसतं.

चार, रोजची छेडछाड. ही इतकी नेहमीची झालेली असते की तिला कुणी हिंसा म्हणतच नाही. मार्च २०२५ मध्ये वरणगावशेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात यात्रेत मुलींची छेड काढल्याच्या तक्रारीसाठी केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे यांना स्वतः पोलीस ठाण्यात जावं लागलं. केंद्रीय मंत्र्याला जिथे ठाण्याची पायरी चढावी लागते, तिथे वस्तीतल्या मुलीची तक्रार कुठवर पोहोचत असेल?

पाच, जात, धर्म आणि वस्तीचा शिक्का. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवलं. तो कायदा गेला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण वर्गात पेन हरवला की पहिली नजर कुणाकडे जाते, हे पारधी मुलांना आजही विचारून बघावं. तुमच्याकडून वाईटच अपेक्षा आहे असं रोज जाणवत असेल, तर चांगलं वागण्याचं कारण कमी होत जातं.

या पाचही धाग्यांत एक गोष्ट सारखी आहे. मुलगी हिंसा करण्याच्या खूप आधी हिंसा सोसत असते.

हे फक्त खान्देशात आहे का?

नाही. इस्रायलमध्ये राहणाऱ्या अरब नागरिकांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथल्या लोकसंख्येत ते साधारण एक पंचमांश आहेत. अरब गावं आणि वस्त्या सरासरीने गरीब आहेत, आणि पोलिसांवर विश्वास कमी आहे. गेल्या काही वर्षांत अरब वस्त्यांमधल्या खुनांचं प्रमाण खूप वाढलं. २०२३ या एका वर्षात तिथे २४० हून अधिक अरब नागरिक अशा हिंसाचारात मारले गेले. या वातावरणात वाढणाऱ्या अरब मुलीवर दुहेरी ताण असतो. बाहेर अल्पसंख्याक म्हणून दुजाभाव, घरात मुलगी म्हणून बंधनं.

तिथल्या मोना खौरी-कसाबरी, रामी बेनबेनिष्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १६२ शाळांतल्या दहा हजारांहून जास्त ज्यू आणि अरब विद्यार्थ्यांना शाळेतल्या हिंसेबद्दल विचारलं गेलं. गरिबी आणि वस्तीचा परिणाम दिसलाच. पण शाळेच्या वातावरणाचा परिणामही ठळक होता. जिथे नियम स्पष्ट आणि सगळ्यांना सारखे होते, शिक्षकांचा आधार होता, निर्णयांत विद्यार्थ्यांना स्थान होतं, तिथे मार खाणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी होतं. वर्गात मुलं जास्त कोंबलेली असतील तिथे ते वाढत होतं.

म्हणजे धर्म, वंश किंवा 'रक्तातच आहे' हे उत्तर चुकीचं आहे. परिस्थिती मोठी आहे, पण शाळा त्या परिस्थितीपुढे हतबल नाही.

ऐकून घेणारं कुणीच नसेल तर?

महाराष्ट्राच्या इतिहासात याची दोन टोकाची उदाहरणं आहेत.

पहिलं जळगावचं. १९९४ मध्ये इथलं वासनाकांड उघडकीस आलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रं काढून वर्षानुवर्षं ब्लॅकमेल केलं जात होतं. अनेक मुली बदनामीच्या भीतीने तक्रारीला पुढेच आल्या नाहीत. बोललो तर आपलंच नाव जाईल, हा धडा त्या पिढीने घेतला आणि पुढच्या पिढीला दिला.

दुसरं नागपूरचं. कस्तुरबानगर ही बहुसंख्येने दलित वस्ती. अक्कू यादव हा गुंड तिथे वर्षानुवर्षं दहशत माजवत होता, त्याच्यावर बलात्कार आणि खुनांचे आरोप होते. पोलीस दखल घेत नाहीत, असं तिथल्या बायका सांगत होत्या. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयाच्या आवारात मोठ्या जमावाने त्याला ठार मारलं. जमावात वस्तीतल्या महिला पुढे असल्याचं सांगितलं गेलं. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष सुटका झाली. या घटनेचं कौतुक झालं, सिनेमे-मालिकाही निघाल्या. पण कायद्याच्या राज्यात ती कौतुकाची गोष्ट नाही. तक्रार ऐकण्याचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर काय होतं, हे त्यातून दिसतं.

एकीकडे गप्प बसलेल्या मुली, दुसरीकडे हात उचललेल्या बायका. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट होती: तक्रार करून काही होत नाही, हा अनुभव.

मग अशा प्रत्येक मुलीकडे संशयाने बघायचं का?

अजिबात नाही. जोखीम घटक म्हणजे भविष्यवाणी नव्हे. वर सांगितलेल्या पाचही गोष्टी वाट्याला आलेल्या बहुसंख्य मुली कुणावरही हात उचलत नाहीत. त्या शिकतात, राबतात, घर सांभाळतात. 'गर्ल्स स्टडी ग्रुप'ने मुलींना सावरणाऱ्या गोष्टीही शोधल्या. त्यात आपुलकीने वागणारं एखादं मोठं माणूस आणि शाळेशी घट्ट नातं या दोन गोष्टी ठळक होत्या. ते माणूस आई असेल, मावशी असेल, पीटीच्या बाई असतील, नाहीतर रोजच्या एसटीच्या कंडक्टर ताई असतील.

जोखमीची यादी मुलींवर शिक्का मारण्यासाठी वापरली, तर आपण पुन्हा १८७१ ला जाऊन पोहोचतो. तीच यादी मदत कुठे पोहोचवायची हे ठरवण्यासाठी वापरली, तर उपयोगाची आहे.

कायदा हे प्रश्न विचारतो, पण कधी?

इथे एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. आपला बाल न्याय कायदा, २०१५ हा नेमके हेच प्रश्न विचारतो.

अल्पवयीन मुलीला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद करून मुलीच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करायचा असतो.

त्यानंतर परिविक्षा अधिकारी सामाजिक तपास अहवाल बनवतात. त्यात काय असतं? घरात कोण आहे, आपसात नाती कशी आहेत, घराची अवस्था कशी आहे. शाळा सोडली असेल तर का सोडली. मुलीला कुणी मारलंय का, तिच्यावर अत्याचार झालाय का. मित्रमैत्रिणी कोण आहेत. कुणी मोठ्या माणसाने तिला वापरून घेतलंय का.

म्हणजे सीमाच्या आयुष्यातले धागे सरकारी कागदावर आधीपासून छापलेले आहेत. ते प्रश्न योग्य आहेत. फक्त ते तिला पहिल्यांदा विचारले जातात तेव्हा थोबाडीत मारून झालेली असते, व्हिडिओ फिरलेला असतो आणि घरच्यांनी बहुतेक लग्नाची तारीख अलीकडे ओढलेली असते.

खरा प्रश्न इथे आहे. जे प्रश्न व्यवस्था गुन्ह्यानंतर विचारते, ते आधी विचारायला काय लागतं?

आधी विचारण्याची सोय आहे का?

कागदावर आहे. त्यातल्या चार गोष्टी महत्त्वाच्या.

सखी सावित्री समिती. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत ही समिती हवी. मुलींची सुरक्षितता, गळती, बालविवाह, समुपदेशन हे सगळं तिच्या कामात येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर अनेक शाळांत ही समिती नावापुरती किंवा तेवढीही नसल्याची चर्चा झाली आणि सरकारला पुन्हा आदेश काढावा लागला. तक्रारपेटीचंही तसंच. पेटी लावली जाते, पण ती कोण उघडणार आणि चिठ्ठीचं पुढे काय होणार, हे मुलींना कळलं नाही तर त्यात कोण कशाला चिठ्ठी टाकेल?

मैत्री क्लिनिक. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय आहे. पाळीच्या तक्रारींपासून मनावरच्या ताणापर्यंत तिथे बोलता येतं.

फोन. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. मानसिक ताणासाठी 'टेलिमानस'चा क्रमांक १४४१६, तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. बालविवाह ठरतोय असं कळलं तरी १०९८ वर सांगता येतं. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

शाळेपर्यंतचा रस्ता. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या खास बसही आहेत. वाहतुकीची सोय आणि हिंसा यांचा काय संबंध, असं वाटेल. पण शाळा सुटल्यावर दीड तास स्टँडवर ताटकळणारी मुलगी आणि दहा मिनिटांत बसमध्ये बसणारी मुलगी, यातली छेडछाडीच्या तावडीत कोण सापडते हे उघड आहे. भांडणंही त्याच दीड तासात होतात.

वर्गातही काम करता येतं. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून 'जेम्स' नावाचा उपक्रम झाला. आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून सहावी-सातवीच्या मुलामुलींशी समानता आणि हिंसा यावर गटात चर्चा घेतल्या. समानतेबद्दलचे मुलांचे विचार बदलताना दिसले. त्यासाठी महागडी यंत्रणा लागली नाही. वेळापत्रकात तास लागला आणि उपदेश न करणारे शिक्षक लागले.

आणि व्हिडिओ आपल्यापर्यंत आला तर?

बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार, चौकशी किंवा तपासात असलेल्या मुलामुलीचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. हे फक्त वर्तमानपत्रांपुरतं नाही, कायद्यात 'संवादाची इतर माध्यमं' असाही उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण शिक्षेच्या भीतीपेक्षा साधं कारण मोठं आहे. भांडण दोन दिवसांत मिटतं. क्लिप मिटत नाही. ती मुलीच्या घरी पोहोचली की पहिला निर्णय होतो शाळा बंद करण्याचा, दुसरा लग्नाचा. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी तिची जोखीम वाढवली होती, त्याच गोष्टी 'उपाय' म्हणून परत येतात. मारणारी आणि मार खाणारी, दोघींच्याही घरी बहुतेक हेच होतं.

म्हणून क्लिप पुढे पाठवू नका. मुली ओळखीच्या शाळेतल्या असतील तर ती ग्रुपवर न टाकता मुख्याध्यापकांना कळवा. कमेंटमध्ये कुणी जात, धर्म, वस्ती काढत असेल तर ग्रुप अ‍ॅडमिनला थांबवायला सांगा.

सीमाच्या बाबतीत शाळा काय करू शकते? दोन्ही मुलींना वेगवेगळं बसवून विचारता येतं की नेमकं काय झालं. स्टँडवरच्या त्या दोन मुलांबद्दल पोलिसांना सांगता येतं. कापसाच्या महिन्यात बुडलेलं गणित पुन्हा शिकवता येतं. आईला शाळेत बोलावून, बापाला न कळवता, घरचं विचारता येतं. लग्नाचं कळलं तर थांबवता येतं.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण ती करायची तर तिच्या थोबाडीत मारण्याआधी कुणालातरी तिची गैरहजेरी दिसायला हवी होती. हजेरीपटावर त्या महिन्यात तिच्या नावापुढे ओळीने 'गै' लिहिलेलं असतं. ते सगळ्यांसमोर असतं, आणि त्याचा व्हिडिओ कधीच व्हायरल होत नाही.